परिषदेच्या पंगतीत आमची ताटं

आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक लहानशी खोली आहे. पूर्वी तिथे पाण्याचा पंप होता. पंप मागच्या बाजूला हलवला आणि खोली रिकामी झाली. मग तिथे सायकली ठेवायच्या की जुने कागद, यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाद सुरू झाला. तो मिटायच्या आत आम्ही तिघींनी तिथे ताटं नेऊन ठेवली.

तिघी म्हणजे मी, माझ्या समोरच्या दारातली बेन आणि तळमजल्यावरच्या वहिनी. मी गिरगावात वाढले, लग्नानंतर भाईंदर पश्चिमेला आले आणि इथूनच विम्याच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाले. बेन गुजराती, जन्मापासून इथलीच. वहिनी चिपळूणच्या. त्यांचे यजमान भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करतात.

ताटांचं निमित्त झालं सोसायटीच्या सत्यनारायणाचं. पूजेनंतर सगळ्या मजल्यांचं जेवण होतं, आणि जेवणानंतर थर्माकोलच्या पत्रावळ्यांचा ढीग. एका वर्षी तो ढीग वाऱ्याने उडाला, गटारात अडकला आणि दोन दिवस फाटकापाशी पाणी तुंबलं. त्या पाण्यातून साडी वर धरून चालताना बेन मला म्हणाली, "ताई, हर एक के माळ्यावर एवढं स्टील पडलंय. कोण वापरतं? निकालो ना सगळं खाली."

खरंच होतं ते. आमच्याकडे लग्नात, बारशात, मुंजीत मिळालेली स्टीलची भांडी कुणी मोडीत देत नाही आणि वापरतही नाही. ती चादरीत बांधून माळ्यावर जातात. आम्ही दारोदार फिरलो. कुणी सहा ताटं दिली, कुणी वाट्या, कुणी नुसतेच पेले. कुठलंच कशाला जुळेना. पण पंगत बसली की पूर्ण बसायची, आणि जेवणं झाली की कचऱ्याच्या डब्यात केळीच्या सालींखेरीज काही नसायचं. मग शेजारच्या सोसायट्यांतून विचारणा होऊ लागली. आम्ही भाडं घेत नव्हतो. घासून, पुसून, मोजून परत द्यायची, एवढीच अट. बारशांना, साठीच्या कार्यक्रमांना, एकदा तर क्रिकेटच्या मॅचलाही आमची ताटं गेली.

अशाच एका बारशाला आलेल्या मुलीचा मला फोन आला. म्हणाली, "काकू, मी ओळखीची नाहीये, पण तुमच्या ताटात जेवलेय." ती एका संस्थेत काम करत होती. काशीगावजवळ हायवेवरच्या हॉटेलात त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरणार होती. विषय शाश्वत विकास, आणि येणारे सगळे समुद्रकाठच्या गावांचे, शहरांचे लोक. त्यातला एक दिवस पाहुणे भाईंदरची खाडी आणि तिवरं पाहायला येणार होते आणि आमच्या जवळच्या हॉलमध्ये जेवणार होते. "कॅटरर म्हणतो, फेकायच्या प्लेट्स आणतो," ती म्हणाली. "सकाळभर कचऱ्यावर बोलायचं आणि दुपारी पोती भरून कचरा करायचा, मला कसंतरी होतंय. तुमची ताटं मिळतील का?"

मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घाबरले. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "म्हणजे आता आपल्या लग्नातल्या ताटात जगातले लोक जेवणार?"

"जेवू देत की."

"माझी काही हरकत नाही. एका ताटाला पोचा आलाय, ते मात्र राजदूताला देऊ नका."

पुढचा आठवडा तयारीत गेला. बेनला काळजी काट्यांची. "फोरेनवाले हाताने कसे खाणार? आपल्याकडे फक्त चमचे आहेत." वहिनींना काळजी चकाकीची. त्यांनी यजमानांना सांगून जुन्या काळवंडलेल्या ताटांची एक चळत गाळ्यात नेली आणि आरशासारखी करून आणली. मला काळजी इंग्रजीची. ऑफिसात मी इंग्रजीत पत्रं लिहिली होती, पण पत्राला समोरून कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

परिषदेच्या दिवशी सकाळीच दोन रिक्षांतून ताटांच्या गोण्या हॉलवर नेल्या. आम्ही तिघी ठेवणीतल्या साड्या नेसून टेबलामागे उभ्या राहिलो. पाहुणे खाडीवरून आले ते उन्हाने लाल झालेले, बुटांना चिखल लागलेला, आणि फार भुकेलेले. काट्यांची चौकशी कुणी केली नाही. वरण-भात, अळूची भाजी, पुऱ्या, कोशिंबीर, श्रीखंड. निम्मे लोक हाताने जेवायला लागले, ते पाहून बेनने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू परीक्षेत पास झालो.

जेवणाच्या मध्यावर एक बाई ताट घेऊन माझ्याकडे आली. माझ्याच वयाची, उंच, डोक्याला पिवळं फडकं बांधलेलं. ती केनियातल्या मोंबासाजवळच्या एका गावाहून आली होती. तिथे तिचा बायकांचा गट होता आणि गावातल्या लग्नांचा, मयतीच्या दिवसांचा स्वयंपाक त्या करायच्या. ताटाच्या कडेवर बोट ठेवून तिने इंग्रजीत विचारलं, "हे कंपनीचं नाव का?"

मी चष्मा लावून वाचलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते कुणाचं ते कळत नाही, त्यामुळे आमच्या सगळ्या ताटांवर काही ना काही कोरलेलं होतंच. "कंपनी नाही," मी म्हणाले. "हे लग्नातलं आहे. मामाकडून सप्रेम भेट. फ्रॉम मामा, विथ लव्ह."

तिने कडेवरून अंगठा फिरवला. "माझ्याही लग्नात मामानेच सगळं केलं," ती म्हणाली. "शी इज नो मोअर नाऊ."

मला वाटलं, तिचं इंग्रजी घसरलं. मामाला 'शी' कसं म्हणेल कुणी? मी जपून विचारलं, "ही, ना?"

"नाही, शी."

"मामा म्हणजे पुरुष. आईचा भाऊ."

ती एवढी हसली की तिच्या वाटीतलं वरण हिंदकळलं. त्यांच्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. आईच्या भावाला ते म्हणतात म्जोंबा. मी वहिनींना हाक मारून ते सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मग बापाला काय म्हणतात, ते विचारा."

"बाबा," ती म्हणाली.

"आमच्याकडेही बाबा," मी म्हणाले. आमचं तेवढं एक जुळलं. काका म्हणजे त्यांच्याकडे भाऊ निघाला. आणि जाता जाता ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "थँक यू, दादा." वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. दादा म्हणजे तिच्या भाषेत बहीण.

तिने तिच्या टेबलावर जाऊन हे सांगितलं असणार, कारण पाच मिनिटांत माझ्यापुढे लोक ताटं घेऊन उभे. प्रत्येकाला आपल्या ताटावर काय लिहिलंय ते हवं होतं. मी वाचत गेले. नेदरलँड्सच्या एका गंभीर इंजिनिअरच्या ताटावर होतं, बारशाची भेट, आत्याकडून. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, असं मी समजावलं. तो म्हणाला, "आमच्याकडे आईवडिलांच्या सगळ्या बहिणींना मिळून एकच शब्द आहे." मागून केनियाची पाहुणी म्हणाली, "आमच्याकडे आहे ना वेगळा. शांगाझी." व्हिएतनामहून आलेल्या एक छोट्याशा बाई म्हणाल्या, त्यांच्याकडेही आत्या वेगळी आणि मावशी वेगळी. इंजिनिअर बिचारा आपल्या भाषेत काही राहून गेल्यासारखा उभा होता.

ब्राझीलच्या तरुणाच्या वाटीवर होतं, पहिली मंगळागौर. आता मंगळागौरीचं इंग्रजी करायचं कसं? मी म्हणाले, नव्या लग्न झालेल्या मुली एकत्र जमतात, पूजा करतात, मग रात्रभर खेळतात, फुगड्या घालतात, गाणी म्हणतात.

"म्हणजे स्पर्धा असते?"

"स्पर्धा नाही. पण कुणी लवकर थकली की बाकीच्या चिडवतात."

"मग मी हिला ट्रॉफीच समजतो," तो म्हणाला, आणि त्याने त्या वाटीत आणखी श्रीखंड घेतलं.

परिषदेत सकाळपासून काय बोलणं झालं होतं, मला माहीत नाही. पण त्या तासाभरात हॉलमध्ये कुणी कुणाच्या देशाचं नाव विचारत नव्हतं, सगळे एकमेकांच्या आत्या आणि मामांबद्दल बोलत होते. फोन करणारी ती मुलगी कोपऱ्यात उभी राहून हे बघत होती. हातात दुपारच्या सत्राचे कागद तसेच होते.

जेवणं झाल्यावर आम्ही मागच्या अंगणात घासायला बसलो. तीन टब मांडले, एक खरकटं काढायचा, एक साबणाचा, एक स्वच्छ पाण्याचा. केनियाची पाहुणी आमच्या मागोमाग आली. झगा गुडघ्यात खोचला आणि दुसऱ्या टबापाशी येऊन बसली. मी नको नको म्हणत होते, तोवर तिने सहा ताटं घासलीसुद्धा. घासता घासता प्रश्न सुरू. ताटं हरवली तर? कुणी आपलं ताट परत मागितलं तर? हे पाणी कुठे सोडता? मी उत्तरं देत होते, अडलं तिथे हातवारे करत होते. बेन टॉवेलने पुसत होती. पाहुणीने एकदम तिला विचारलं, "केम छो?"

बेनच्या हातातलं ताट सुटलंच.

लहानपणी पाहुणी मोंबासात एका गुजराती माणसाच्या कापडदुकानात काम करायची. आकडे, कापडाचे रंग आणि 'जल्दी आवो' एवढं गुजराती तिला अजून येत होतं. बेन म्हणाली, "अरे, मारी मासीनी दीकरी तो मोंबासामां ज छे." बेनच्या मावशीची मुलगी लग्न होऊन तिथे गेली होती आणि तिच्या नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. पाहुणीने दुकानाचा रस्ता विचारला. बेनने तिथल्या तिथे मावसबहिणीला व्हिडिओ कॉल लावला. बस सुटायची वेळ झाली होती, परिषदेची मुलगी बोलवायला आली, तर अंगणात ओल्या हातांनी तिघी जणी फोनवर एका मशिदीच्या आणि पेट्रोल पंपाच्या खुणा सांगत होत्या.

पाहुणी निघताना म्हणाली, "माझ्या गावी हेच करायचंय." असं परिषदेत सगळेच म्हणत असतील, असं मला वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला.

मग दुपारी फोन येऊ लागले. आमची झोपायची वेळ आणि तिच्या सकाळच्या कामाची. तिचं पहिलं पाऊल फसलं. आम्ही सांगितलं तशी तिने घरोघरी ताटं मागितली, लोकांनी दिलीही, पण पहिल्या लग्नानंतर निम्मी परत आलीच नाहीत. कुणाची कोणती हे ओळखायला काही खूणच नव्हती. आम्ही तिघी फोनभोवती बसून ऐकत होतो. वहिनी म्हणाल्या, "नावं नाय घातलीत ना त्यांनी. नाव नसलेलं ताट कोणाच्याही घरात खपतं ओ."

दुसरी अडचण आम्हाला कधी सुचलीच नसती. तिच्याकडे किनाऱ्यावरच्या लग्नांत पुष्कळदा एका मोठ्या परातीभोवती चार-पाच जण बसून जेवतात. तिला वेगवेगळी ताटं फार लागणारच नव्हती, पराती लागणार होत्या. मी गेले वर्षभर 'प्रत्येकी एक ताट, दोन वाट्या' हे गणित सगळ्यांना शिकवत होते, ते तिथे लागूच पडत नव्हतं. तीच म्हणाली, "तुमचं गणित तुमच्याकडे ठेवा, तुमची खोली मी घेते." म्हणजे एका जागी ठेवायचं, मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं, एवढंच तिने उचललं.

राहिला नावांचा प्रश्न. परिषदेच्या मुलीने उत्साहाने सांगितलं की आमच्या दोन गटांत सहकार्याचा करार करता येईल आणि त्यातून साहित्य पाठवता येईल. तिने मसुदा पाठवला, त्यावर तिच्या वरिष्ठांनी सुधारणा सुचवल्या, मग तो केनियातल्या संस्थेकडे गेला. तिची तळमळ खरी होती. तो करार पुढे झालाही, आणि त्याचा उपयोगही झाला. पण दरम्यान बेनला कळलं की मावसबहिणीचे यजमान, म्हणजे ते हार्डवेअरवाले, मुंबईत लग्नाला आलेत आणि आठवड्याने परत जाणार आहेत.

बेन आणि मी केबिन रोडला गेलो. भांड्यांच्या दुकानात नाव घालायचं विजेचं पेनासारखं यंत्र मागितलं. दुकानदाराला वाटलं आम्हाला भांड्यावर नाव घालून हवंय. "किसका नाम डालना है?"

"नाम नहीं डालना, मशीन चाहिए," बेन म्हणाली. "आफ्रिका भेजनी है."

"आफ्रिका में नाम कौन डालेगा?"

"वो लोग खुद डालेंगे."

त्याने आम्हाला त्याच्याकडचंच एक चालवून दाखवलं, कसं धरायचं, किती दाबायचं. वहिनींच्या यजमानांनी पुढच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये बसून जुन्या झाकणावर ते कसं वापरायचं त्याचा व्हिडिओ करून दिला. एरवी अबोल माणूस, पण व्हिडिओत इतकं बोलले की मला मध्येच थांबवून विचारावं लागलं, "भाऊ, हे सगळं इंग्रजीत मी सांगू का?" यंत्र हार्डवेअरवाल्यांच्या बॅगेत थेपल्यांच्या पाकिटांमध्ये बसून मोंबासाला गेलं. तिथे आपला प्लग चालत नाही, पण हार्डवेअरच्या दुकानात त्याची काय अडचण.

महिन्याभराने फोटो आला. एक भली मोठी परात, तिच्या कडेवर वाकड्यातिकड्या अक्षरांत एकच शब्द, शांगाझी. कुणाच्या तरी आत्याने दिलेली. तो फोटो मी परिषदेच्या मुलीला त्या डच इंजिनिअरलाही पाठवायला लावला.

पण देणं सगळं आमच्याच बाजूने होतं, असं नाही. आम्ही ताटं धुऊन गच्चीवर चादरीवर पसरायचो. कावळे यायचे, धूळ बसायची, परत पुसावं लागायचं. तिने एकदा व्हिडिओत ते पाहिलं आणि विचारलं, "जमिनीवर का ठेवता?" मग तिने तिच्या परसातली मांडणी दाखवली. कमरेएवढ्या उंचीवर लाकडी काठ्यांची जाळी, तिच्यावर भांडी उपडी, खालून वारा, वरून ऊन. पुसायची भानगडच नाही. आम्ही मंडपवाल्याकडून उरलेले बांबू आणले आणि गच्चीवर तशीच मांडणी बांधायला घेतली. सेक्रेटरी वर आले. "ताई, गच्चीवर बांधकामाला परवानगी लागते."

"हे बांधकाम नाही, आंतरराष्ट्रीय सहकार्य आहे," मी म्हणाले. परिषदेत ऐकलेला शब्द असा उपयोगी पडेल, असं वाटलं नव्हतं.

ते जिना उतरून गेले. पंधरा दिवसांनी त्यांच्याच मिसेसनी त्या मांडणीवर पापड वाळत घातले, तेव्हा परवानगीचा विषय संपला. आता शेजारच्या दोन सोसायट्यांनी तशा मांडण्या केल्यात, आणि सगळे तिला 'केनियाचं टेबल' म्हणतात.

यंदाची परिषद मोंबासाला आहे. आम्हा दोन गटांना मिळून बोलायचं आमंत्रण आलं, तिकिटांची सोय संस्थेने केली. वहिनींनी सरळ सांगून टाकलं की विमानात त्या बसणार नाहीत, कोकम मात्र बांधून देतील. बेनचा आणि माझा पासपोर्टच नव्हता. या वयात पहिल्यांदा आम्ही फोटो काढायला गेलो, कान दिसले पाहिजेत म्हणून केस मागे करून बसलो आणि फोटोत दोघी सख्ख्या बहिणी दिसलो. पोलीस चौकशीला जो हवालदार आला, तो आमचाच चहा पीत विचारत होता, "परदेशात कशासाठी जाताय, ताई?"

मी परिषदेचं पूर्ण नाव सांगायला लागले, शाश्वत विकासासाठी किनारपट्टीवरच्या गटांचं वगैरे. तो लिहिता लिहिता थांबला. बेन मध्येच म्हणाली, "भांडी बघायला."

"हां," तो म्हणाला, "मग ठीक आहे."

मोठा प्रश्न होता तो मागे खोली कोण सांभाळणार हा. वहिनी एकट्या पुऱ्या पडणार नव्हत्या. आमचे हे स्वतःहून तयार झाले. मला खरंच वाटलं नव्हतं. गेले चार दिवस ते रोज संध्याकाळी जिन्याखाली जातात आणि वहिनी त्यांना शिकवतात. ताटं वेगळी, वाट्या दहा-दहाच्या चळतीत, पेले उपडे. काल मी वरून हाक मारली, जेवायला या म्हणून. खालून वहिनींचा आवाज आला, "थांबा जरा, भावजींच्या वाट्या चुकल्यात, परत लावतायत." आणि ह्यांचा आवाज, "तू जेवून घे गं, मला वेळ लागेल."